कापड भिवंडीचं, शर्ट बांगलादेशचा

ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. मागच्या वर्षी बारावीच्या मुलांना एक साधं काम दिलं होतं. घरातल्या पाच वस्तू उचला आणि त्या कुठे तयार झाल्या ते वाचून या. कळव्याहून येणाऱ्या एका मुलीने दुसऱ्या दिवशी वहीत लिहून आणलं: मोबाईल भारत, पंखा भारत, चार्जर चीन, भावाचे बूट व्हिएतनाम, सेलमध्ये घेतलेला शर्ट बांगलादेश. मग तिने विचारलं, "मॅडम, माझे बाबा इतकी वर्षं भिवंडीत मागावर होते. कापड तर तिथेच होतं. मग शर्ट बांगलादेशचा कसा?"

मी पटकन म्हणाले, "तिथे मजुरी स्वस्त आहे." तास संपला, मुलं गेली, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. तिच्या वडिलांना बारा-बारा तासांच्या पाळीत मीटरमागे जे पैसे मिळायचे, ते काही जास्त नव्हते. गरिबी हेच भांडवल असतं, तर भिवंडीत केव्हाच जगातले सगळ्यात मोठे शिलाईचे कारखाने उभे राहिले असते.

हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे. त्यासाठी भिवंडीहून बांगलादेशातलं चितगाव, तिथून कोरिया आणि तैवान असं फिरून पुन्हा ठाण्याच्या खाडीकडे यावं लागेल.

१३० माणसं, सहा महिने

१९७८ सालचा बांगलादेश डोळ्यांसमोर आणा. सात वर्षांपूर्वीचं युद्ध, १९७४ चा दुष्काळ, निर्यातीला प्रामुख्याने ताग. कपडे शिवून परदेशी पाठवणारा कारखाना जवळपास नाहीच. अशा वेळी नूरुल कादेर नावाच्या माजी सनदी अधिकाऱ्याने ‘देश गारमेंट्स’ ही कंपनी काढली आणि दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला.

देवूला बांगलादेशात रस का होता? १९७४ पासून अमेरिका आणि युरोप यांनी गरीब देशांतून येणाऱ्या कपड्यांवर देशवार मर्यादा घातली होती. त्या मर्यादेला कोटा म्हणत. कोरियाचा कोटा भरत आला होता, बांगलादेशच्या कपड्यांवर तेव्हा कोटाच नव्हता. दुसऱ्याच्या नावावरच्या रिकाम्या जागेत आपला माल घालावा, असा तो सरळ धंद्याचा हिशेब होता.

पण त्या हिशेबात एक वेगळीच गोष्ट घडली. १९७९ साली देश गारमेंट्सच्या १३० लोकांना देवूने कोरियातल्या बुसानला नेलं आणि सहा महिने शिकवलं. कापड कसं कापायचं म्हणजे चिंध्या कमी निघतात, एका ओळीत कोणत्या मशीनवर कोणाला बसवायचं म्हणजे माल तुंबत नाही, कॉलर कशी तपासायची, परदेशी ग्राहकाशी पत्रव्यवहार कसा करायचा, बँकेतून हमीपत्र कसं उघडायचं. १९८० साली देश गारमेंट्सने ४३ हजार शर्ट शिवले. १९८७ साली २३ लाख.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. त्या १३० जणांपैकी ११५ जण पुढच्या काही वर्षांत कंपनी सोडून गेले. कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याच्या कारखान्यात व्यवस्थापक झाला. देश कंपनीचं नुकसान झालं आणि देशाचं भलं झालं. मशीन विकत घेता येतं, कर्ज काढता येतं; पण कामाची जाण माणसाच्या डोक्यात आणि हातात बसते आणि ती त्याच्याबरोबर चालत दुसऱ्या कारखान्यात जाते. आज बांगलादेश आपल्या दुपटीहून अधिक किमतीचे कपडे निर्यात करतो आणि त्याच्या एकूण निर्यातीत ८० टक्क्यांहून अधिक वाटा कपड्यांचा आहे.

सरकारने यात दोन कामं केली, आणि दोन्ही साधी होती. निर्यातीच्या कपड्यासाठी बाहेरून आणलेल्या कापडावर जकात लावली नाही; ते कापड कुलूपबंद गोदामात उतरायचं, शिवून झालं की थेट बोटीवर चढायचं. दुसरं, परदेशी ग्राहकाची ऑर्डर हातात असेल तर तिच्याच आधारावर बँक कापडासाठी पत द्यायची. शिंप्याकडे गिऱ्हाइकाची चिठ्ठी आहे, ती पाहून कापडवाल्याने त्याला तागा उधार द्यावा, तसंच हे. त्यामुळे ज्याच्याकडे भांडवल नाही, पण काम येतं, असा माणूस कारखानदार होऊ शकला.

बांगलादेशची ही गोष्ट सांगताना राणा प्लाझा विसरून चालणार नाही. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावारमधली कपड्यांचे कारखाने असलेली ती इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं गेलं. हे वर्गात शिकवताना माझा आवाज आजही नीट राहत नाही. स्वस्त शर्टाची किंमत कुणीतरी चुकवत असतं, आणि ती चुकवायला लागू नये हे पाहणं सरकारचं काम आहे.

रांगेने उडणारे पक्षी

कोरियाने बांगलादेशला शिकवलं. मग कोरियाला कुणी शिकवलं? मोठ्या प्रमाणावर जपानने. जपानी अर्थशास्त्रज्ञ कानामे आकामात्सू यांनी १९३० च्या दशकातच याला एक चित्र दिलं होतं: आकाशात कोन करून उडणाऱ्या रानहंसांचं. पुढचा पक्षी वर सरकला की त्याची जागा मागचा घेतो.

देशांचंही तसंच. एखाद्या देशात कारखाने वाढतात, कामगारांना मागणी येते, मजुरी वाढते. मजुरी वाढली की कपडे, खेळणी, बूट यांसारखा जास्त हात लागणारा माल तिथे परवडेनासा होतो. तो देश पोलाद, गाड्या, इलेक्ट्रॉनिक्स यांकडे वळतो आणि मागे टाकलेला धंदा शेजारचा उचलतो. जपानकडून कोरिया, तैवान, हाँगकाँग, सिंगापूर यांनी उचलला. त्यांच्याकडून मलेशिया, थायलंड आणि १९८० नंतर चीनने. आता चीनकडून व्हिएतनाम उचलतो आहे. मलेशियातल्या पेनांगला १९७२ साली इंटेलने अमेरिकेबाहेरचा आपला पहिला जुळणी कारखाना काढला, तोही याच ओघात.

या चित्रात एक धोका आहे. पाहणाऱ्याला वाटतं, रांगेत उभं राहिलं की आपली पाळी येईलच. तसं होत नाही. जागा रिकामी होते त्या वेळी जो तयार असेल, त्याला ती मिळते. व्हिएतनामचंच बघा. अमेरिकेशी दीर्घ युद्ध, मग निर्बंध. १९८६ साली त्यांनी ‘दोई मोई’ म्हणजे नूतनीकरण असं धोरण जाहीर केलं. १९८८ मध्ये सामुदायिक शेतीची जमीन कुटुंबांना कसायला दिली. तांदूळ बाहेरून आणणारा देश वर्षभरात तांदूळ निर्यात करू लागला. अमेरिकेचे निर्बंध १९९४ ला उठले, २००७ ला तो जागतिक व्यापार संघटनेत गेला, २००९ च्या सुमारास सॅमसंगचा मोबाईल कारखाना बाक निन्ह प्रांतात सुरू झाला. दहा कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या या देशाने २०२४ साली सुमारे ४०० अब्ज डॉलरचा माल निर्यात केला. आपण १४० कोटींहून जास्त आहोत आणि आपली मालाची निर्यात २०२४-२५ मध्ये सुमारे ४३७ अब्ज डॉलर होती.

हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गात कुणीच काही बोललं नाही.

बाबांचा गाळा

आपण तयार का नव्हतो, हे मला पुस्तकाआधी घरात कळलं. माझ्या वडिलांचा वागळे इस्टेटमध्ये गाळा होता. तीन लेथ, एक मिलिंग मशीन, एक ड्रिल, चार-पाच टर्नर. जॉबवर्क करायचे, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठी यंत्रांचे सुटे भाग: पिना, बुश, छोटे शाफ्ट. वागळे इस्टेट ही महाराष्ट्रातली अगदी सुरुवातीची औद्योगिक वसाहत. अशा वसाहती उभारणारं राज्याचं महामंडळ, एमआयडीसी, १९६२ साली स्थापन झालं आणि त्याचं काम इथूनच उभं राहिलं. माझ्या लहानपणी दुपारच्या सुट्टीत डबा द्यायला गेले की ऑइलचा वास, लोखंडाच्या कुरळ्या कातरणाचे ढीग आणि बाहेर चहाच्या टपरीवर तीन-चार भाषा ऐकू यायच्या.

बाबांचं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे एक मोठी कंपनी. तिचा माल देशात दुसरं कुणी बनवत नव्हतं आणि बाहेरून यायला जबर जकात होती. त्यामुळे कंपनीला ग्राहकाची चिंता नव्हती, आणि म्हणून बाबांनाही नव्हती. बुशचं भोक केसभर कमी-जास्त झालं तरी लॉट खपायचा. पैसे नव्वद दिवसांनी यायचे, एवढीच तक्रार.

मग एकदा दुसऱ्या एका कंपनीने, जी जर्मनीला माल पाठवायची, बाबांना ऑर्डर दिली. पहिला लॉट अख्खा परत आला. बाबा टेम्पोजवळ उभे होते आणि कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. त्या कंपनीच्या इन्स्पेक्टरने त्यांच्या हातात एक गो-नोगो गेज दिलं. छोटासा गोल दांडा, दोन टोकांचा. हिरवं टोक भोकात गेलं पाहिजे, लाल टोक जाता कामा नये. मधलं काही चालत नाही. दुसऱ्या लॉटचा बराचसा भाग परत आला, तिसऱ्याचा थोडा, पाचवा पूर्ण पास झाला. त्या काही महिन्यांत बाबांच्या टर्नरांनी जे शिकलं, ते आधीच्या दहा वर्षांत शिकलं नव्हतं. माणसं तीच, मशीन तेच, मजुरीही तीच.

पूर्व आशियाच्या प्रगतीचं सूत्र कुणी विचारलं तर मी ते गेज दाखवते. कोरियानेही आपल्या उद्योगांना जकातीचं कवच दिलं, स्वस्त कर्ज दिलं. ‘खुली बाजारपेठ’ वगैरे तिथे फारसं नव्हतं. फरक असा की त्या मदतीला परीक्षा जोडलेली होती आणि परीक्षक परदेशी ग्राहक होता. राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही दर महिन्याला निर्यातीचा आढावा घेणाऱ्या बैठकीला स्वतः बसत. ठरलेली निर्यात केली तर पुढचं कर्ज, नाही केली तर बंद. १९६४ साली कोरियाची निर्यात १० कोटी डॉलर झाली. १९७७ साली १,००० कोटी. तेरा वर्षांत शंभर पट. सुरुवातीच्या मालात काय होतं? प्लायवूड, विग, शर्ट. स्वदेशी अधिकाऱ्याला खुश करता येतं, शिफारस आणता येते. न्यूयॉर्कमधल्या दुकानदाराला कोरियातल्या मंत्र्याच्या शिफारशीचं काय? शर्टाची बाही वाकडी असेल तर तो परत पाठवतो.

आपल्याकडे कवच मिळालं, परीक्षा मात्र झाली नाही. कुर्ल्यात फियाट गाड्या बनत होत्या तेव्हा ह्युंदाई मोटर ही कंपनी जन्मालाही आली नव्हती. ती निघाली १९६७ साली. आपल्याकडे गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत होते, म्हणून गाडी सुधारायची गरजच कंपनीला पडली नाही. ह्युंदाईने १९७५ साली पहिली स्वतःची गाडी केली, वर्षभरात ती परदेशी पाठवायला सुरुवात केली, अनेकदा तोंडावर आपटली, आणि १९९८ साली तीच कंपनी चेन्नईत सँट्रो बनवून आपल्याला विकू लागली.

बाबांच्या गाळ्यात आणखी एक कुलूप होतं. लघुउद्योगाला सवलती होत्या, पण यंत्रसामग्रीतली गुंतवणूक ठरावीक मर्यादेपुढे गेली की त्या संपत. म्हणून चांगलं नवं मशीन घ्यायची ऐपत असूनही त्यांनी घेतलं नाही. शेजारच्या गाळेवाल्याने वाढ झाल्यावर दुसरी कंपनी बायकोच्या नावाने काढली, मग तिसरी भावाच्या. धंदा वाढूच नये अशी ती सोय होती. आणि हे फक्त लोखंडाच्या कामात नव्हतं. १९६७ पासून काही वस्तू फक्त लघुउद्योगांनीच बनवायच्या अशी यादी सुरू झाली; ती वाढत ८०० च्या वर गेली. तिच्यात तयार कपडे होते. मोठ्या कारखान्याला कपडे शिवायचे असतील तर मालाचा मोठा हिस्सा निर्यात करण्याची हमी द्यावी लागे. शर्ट-पँटसारखे कपडे या यादीतून बाहेर पडले ते २००० सालच्या वस्त्रोद्योग धोरणानंतर. यादीतल्या शेवटच्या २० वस्तू निघाल्या २०१५ मध्ये. हेतू वाईट नव्हता, लहान माणसाला सांभाळायचं होतं. पण चितगावला एका छपराखाली हजार-हजार बायका शर्ट शिवत होत्या, तेव्हा आपण मोठा कारखाना काढणाऱ्याला थांबवून ठेवलं होतं.

भिवंडीचं उत्तर इथे आलं. हातमाग वाचवण्यासाठी मोठ्या गिरण्यांच्या विणकामावर बंधनं आली, तेव्हा ते काम छोट्या यंत्रमागांकडे वळलं. पत्र्याच्या शेडमध्ये आठ-दहा माग, सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, मालकाला फक्त मजुरी. त्या मुलीच्या वडिलांनी हजारो मीटर कोरं कापड विणलं असेल, पण ते कुठे जातं, त्याचं काय होतं, घालणारा काय म्हणतो, यातलं काहीच मागे परत आलं नाही. जो ग्राहकाला भेटत नाही त्याच्या हातात गेज येत नाही. आता त्या शेड एकेक करून बंद होत आहेत आणि नाशिक महामार्गालगत मोठमोठी गोदामं उभी राहत आहेत.

तळातली दोन कामं: जमीन आणि शाळा

कारखाने ही वरची गोष्ट झाली. त्याच्या खाली काय होतं, हे आपल्याकडे कमी सांगितलं जातं.

तैवानने १९४९ साली कुळाने जमीनदाराला द्यायचा खंड कमी करून पिकाच्या ३७.५ टक्क्यांवर बांधला. आधी तो सर्रास निम्मा असे. १९५३ साली मर्यादेपेक्षा जास्त जमीन सरकारने घेऊन कुळांना विकली आणि जमीनदारांना काही मोबदला रोख्यांत, काही सरकारी कारखान्यांच्या शेअरमध्ये दिला. म्हणजे जमीनदाराला जमिनीवरून उठवून कारखान्यात भागीदार केलं. जपानने १९४६ नंतर आणि कोरियाने १९५० च्या सुमारास असंच केलं. जमीन स्वतःची झाली की शेतकरी विहीर खणतो, खत घालतो, उत्पन्न वाढवतो. हातात चार पैसे आले की सायकल, शिवणयंत्र, कापड घेतो. देशातल्या कारखान्याला पहिलं गिऱ्हाईक मिळतं. मुलाला शेतावर न ठेवता शाळेत पाठवतो.

ठाणे-रायगडच्या माणसाला हे परकं वाटायला नको. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाकारल्या. तो संप सुमारे सहा वर्षं चालला. उपासमार झाली, पण कुळं मागे हटली नाहीत. डॉ. आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कसणारा मालक धरला गेला. महाराष्ट्र या बाबतीत अनेक राज्यांच्या पुढे होता. पण देश म्हणून पाहिलं तर हे काम अर्धंमुर्धंच झालं.

शाळेचं तर अधिकच वाईट वाटतं, कारण मागणी इथूनच उठली होती. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे सांगितलं की प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. त्यांची तक्रार होती की शेतकऱ्याच्या घामातून आलेला शेतसारा उच्च वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं. ते नामंजूर झालं. इंग्रज गेल्यावरही आपण उत्तम आयआयटी काढल्या आणि गावची शाळा मागे राहिली. शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला, फुल्यांच्या निवेदनानंतर १२८ वर्षांनी. कोरिया, तैवान यांनी क्रम उलटा ठेवला होता. आधी सगळ्यांना चौथी-सहावी, मग माध्यमिक, मग विद्यापीठं. पेटंट घेणारा शास्त्रज्ञ थोडा उशिरा आला तरी चालतं, पण गेजवरचा आकडा वाचणारे लाखो हात आधी लागतात. त्यातले निम्मे हात मुलींचे असतात. बांगलादेशने १९९४ पासून माध्यमिक शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलींना देशभर शिष्यवृत्ती दिली.

जुरोंग आणि आपली नवी मुंबई

सिंगापूरशी तुलना करायची लोकांना फार हौस असते. मीही करणार आहे, कारण तारखा चकित करणाऱ्या आहेत. सिंगापूरने घरबांधणी मंडळ १९६० ला काढलं, उद्योग आणणारं आर्थिक विकास मंडळ १९६१ ला, जुरोंगच्या औद्योगिक वसाहतीसाठी वेगळं महामंडळ १९६८ ला. महाराष्ट्राने एमआयडीसी १९६२ ला काढली आणि नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ला. निर्यातीसाठी वेगळा करमुक्त विभाग काढण्यात तर आपण पुढे होतो: आपलं कांडला १९६५ चं, तैवानचं काओशुंग १९६६ चं. कल्पना आपल्याला सुचत नव्हत्या असं कुणी म्हणू नये.

जुरोंग म्हणजे दलदल होती. अर्थमंत्री गो केंग स्वी यांनी तिथे वसाहत काढायला घेतली तेव्हा सुरुवातीला भूखंड रिकामे पडले आणि लोक त्याला ‘गो यांचा वेडेपणा’ म्हणू लागले. पण रस्ते, वीज, पाणी, बंदर, कामगारांची घरं ही सगळी कामं एकत्र होत राहिली आणि कारखाने भरले. इथे मुंबईत चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे वास्तुरचनाकार आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५ साली खाडीपलीकडे नवं शहर सुचवलं. ३४४ चौरस किलोमीटर, सिंगापूरच्या निम्म्याहून थोडं कमी. खाडीवरचा पूल १९७३ ला झाला, पण लोकल वाशीला पोचली १९९२ मध्ये. मंत्रालय इकडे यायचं होतं, ते नरिमन पॉइंटलाच राहिलं. घरं आधी झाली, गाडी नंतर आली, नोकऱ्या आणखी नंतर. एखाद्या गोष्टीचे पाच भाग पाच खात्यांकडे असले की प्रत्येक भाग वेगळ्या दशकात येतो, हे नवी मुंबईच्या पहिल्या पिढीला कुणी वेगळं शिकवायला नको.

मात्र तुलना करताना एक गोष्ट मी मुलांना ठामपणे सांगते. सिंगापूरने १९६६ च्या कायद्याने जमीन स्वस्तात घेतली आणि फारसं कुणाला विचारलं नाही. इथल्या ९५ गावांच्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी विचारलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईच्या परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. याला मी ‘विकासातला अडथळा’ म्हणणार नाही. ज्याच्या शेतावर शहर उभं राहतं त्याचा शहरात वाटा असावा, हा विचार जगाला शिकवण्यासारखा आहे. तो गोळीबाराआधी का सुचला नाही, एवढंच दुःख आहे.

मग वर्गात नेहमीचा प्रश्न येतो, "मॅडम, हुकूमशहा असला की प्रगती होते ना?" पार्क हुकूमशहा होते, हे खरं. पण उत्तर कोरियातही हुकूमशाही होती, ब्रह्मदेशात होती, फिलिपिन्समध्ये मार्कोस होते. तिथे काय झालं? आणि जपान निवडणुका घेत मोठा झाला. पार्क यांच्या काळातच, १३ नोव्हेंबर १९७० ला, सोलच्या कपडा बाजारात चोन ते-इल या बावीस वर्षांच्या शिलाई कामगाराने स्वतःला पेटवून घेतलं. कामगार कायदा पाळा, आम्ही यंत्रं नाही, असं तो ओरडत होता. कोरियन माणसांनी तो काळ आनंदाने सोसला असं समजणं त्याचा अपमान आहे.

उधारीचा धडा

हा भाग थोडक्यात. २ जुलै १९९७ ला थायलंडच्या बाहतची किंमत कोसळली आणि वर्षभरात इंडोनेशिया, मलेशिया, कोरिया हादरले. कारखाने चांगले होते, पण कर्ज डॉलरमध्ये आणि थोड्या मुदतीचं, तर पैसे गुंतवलेले इमारतींत आणि जुन्या कारखान्यांत, जिथून ते लवकर निघत नाहीत. महिन्याने फेडायचं कर्ज काढून घर बांधल्यासारखं. १९९८ च्या सुरुवातीला कोरियन कुटुंबांनी देशाचं कर्ज फेडायला रांगा लावून लग्नाच्या अंगठ्यासुद्धा दिल्या. दोनशे टनांहून अधिक सोनं गोळा झालं आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज २००१ ला, मुदतीआधी फिटलं. आपणही १९९१ च्या जुलैत ४७ टनांच्या आसपास सोनं गहाण ठेवून ते दिवस पाहिले होते.

आता खाडीच्या या बाजूला

ठाण्याहून पनवेल लोकलने जाताना ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत खिडकीतून पाहिलं की जिथे पूर्वी रासायनिक कारखान्यांची धुराडी होती तिथे काचेच्या इमारती दिसतात. त्यात आपली हुशार मुलं जगभरातल्या कंपन्यांसाठी संगणकावरचं काम करतात आणि मला त्यांचा अभिमान आहे. त्यांनीही परदेशी ग्राहकाची परीक्षा रोज दिली, म्हणूनच तो धंदा वाढला. पण त्या दारातून आत जायला पदवी आणि इंग्रजी लागतं. देशातले सुमारे ४६ टक्के कामगार आजही शेतीत आहेत आणि एकूण उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याहून कमी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कोरियातही ६० टक्क्यांहून अधिक कामगार शेतीत होते. ते थेट संगणकासमोर जाऊन बसले नाहीत. आधी विग आणि शर्ट, मग टीव्ही, मग जहाजं. मधल्या पायऱ्या त्यांनी गाळल्या नाहीत. आपल्या गावातून आलेल्या मुलाला मात्र शेत आणि काचेची इमारत यांच्या मधे बहुतेक वेळा डिलिव्हरीची बाईक किंवा गोदामच मिळतं.

वाट पूर्वीइतकी रुंद राहिलेली नाही, हेही सांगायला हवं. चीन अजून सगळंच बनवतो, आणि यंत्रं पुष्कळ हातांचं काम करतात. तरी मोबाईलच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत जे झालं ते मला आशादायक वाटतं. २०२० च्या सरकारी योजनेत कारखान्याला पैसे द्यायचं ठरलं ते आधीपेक्षा जास्त विकल्यावर, आणि ठरावीक वर्षंच. हे गेजच्या जवळ जाणारं आहे. तामिळनाडूने तर २०२४ साली श्रीपेरुंबुदूरजवळ फोनच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायकांसाठी १८ हजारांहून जास्त खाटांची वसतिगृहं उभारली. जुरोंगमध्ये कामगारांच्या इमारती कारखान्यांजवळ बांधल्या, त्यामागचा विचार हाच. व्हिएतनाममध्ये दहापैकी जवळपास सात बायका काम करतात, आपल्याकडे चार. आपल्या बायकांना काम नको असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी सकाळी सात वाजता दिवा स्टेशनवर उभं राहून पाहावं.

हे सगळं मी त्या मुलीला दोन तास घेऊन सांगितलं. तिने गेज हातात घेऊन हिरवं टोक, लाल टोक असं उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, बाबांचे माग गेले तेव्हापासून आई गोदामात पॅकिंगला जाते. तो शर्ट तिनेच आणला, तिथे कामगारांना सेल लागतो म्हणून. तिला शिवणकाम येतं, मशीनवर फार सफाई आहे तिची. ती म्हणाली, यात काय आहे, हे तर मीही शिवेन. पण शिलाईचं चांगलं युनिट लांब आहे, आणि सुटायला रात्रीचे नऊ होतात."

मी तिला विचारलं, लांब म्हणजे किती?

"जाऊन-येऊन चार तास."